आक्का, ज्वारी वाढली

आक्का, कोठीची किल्ली आता माझ्या कमरेला आहे, आणि इतके दिवस कोठीकडे कुणी फिरकलं नाही. तुमच्या दहाव्यानंतर बायकांनी ही किल्ली माझ्या हातात ठेवली, तेव्हा मला वाटलं होतं की आता आपल्या दाराला रीघ लागेल. रीघ राहू द्या, कुत्रंही आलं नाही. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत आपली पत्र्याची कोठी निम्मी भरलेली आहे, आणि गावातल्या काही घरांत चूल दिवसातून एकदाच पेटते आहे. मी अंगणवाडीत पोरं काट्यावर उभी करते, मला कळत नाही होय? सोजरमावशीची नात गेल्या वेळेपेक्षा हलकी भरली. काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः त्यावर उभी राहिले. काटा ठणठणीत आहे. माझं वजन त्याने जराही भीड न ठेवता सांगितलं.

तुम्ही असतात तर पदर खोचून म्हणाला असतात, "बघ, म्या काय म्हणत व्हते!" हे वाक्य तुम्हाला म्हणू देणं माझ्या जिवावर यायचं. सख्ख्या जावा आपण, एका अंगणात दोन चुली आणि एकच पाटावरवंटा. हार मानली तर जाऊपण कसलं? पण आज भांडायला समोर कुणी नाही, म्हणून हे लिहितेय. तुमच्या फोटोखाली गावातल्या पोरांनी फ्लेक्सवर लिहिलंय, "प्रेमळ, मायाळू, मितभाषी." मितभाषी! भाऊजी फोटोकडे बघून पहिल्यांदा हसले ते हे वाचून. मग लगेच तोंड फिरवून गोठ्याकडे गेले.

मी माजलगावकडची. कॅनॉलचं पाणी, चारी बाजूंनी ऊस, घरातलं काही सरलं तर मोंढ्यातून पोतं आणायचं, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन तुमच्या ह्या घाटनांदूरच्या माळावर आले आणि पहिल्याच आठवड्यात दिवेलागणीला, घर भरलेलं असताना, स्वच्छ आवाजात बोलले, "आत्याबाई, पीठ संपलं." सासूबाईंनी हातातली फुंकणी अशी धरली की मला वाटलं आता पाठीत बसते. तुम्ही भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणालात, "आत्याबाई, ती वाढलं म्हणली. तुमालाच कमी ऐकू येतंय." मग मला परसात ओढत नेलंत.

"ये कॅनॉलची पोरगी, इथं संपलं म्हणायचं न्हाई."

"का? संपलंच आहे की."

"बांगडी फुटत न्हाई, वाढती. नारळ फोडायचा न्हाई, वाढवायचा. दिवा इझवायचा न्हाई, वाढवायचा. तसं पीठ, मीठ, त्याल, ज्वारी, समदं वाढतं. संपलं म्हणलं की घर ऐकतं."

"आणि माणूस?"

"माणूस जातं. ते जायचं तिथं जाऊ दे. तू आदी दळण घिऊन जा, गिरणी बंद हुईल."

तेव्हा मला हे सगळं खुळचट वाटलं होतं. रिकाम्या डब्याला भरलेला म्हणायचं आणि वर घराला फसवल्याचं समाधान मानायचं. पण तुमच्या मागे मागे फिरता फिरता माझ्याही जिभेला वळण पडलं. माहेरी गेले की आई हसायची. मी साखर वाढली म्हणायचे आणि ती डबा उघडून आत बघायची.

एक गोष्ट फ्लेक्सवर नाही, ती मी इथे लिहिते. आपल्या शिवारातून ज्वारी हटवून सोयाबीन आणायचा हट्ट तुमचा होता. भाऊजी नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, ज्वारीला राखण करा, पाखरं हाकला, थंडीत हातानं उपटा, कणसं खुडा, आणि एवढं करून भाव काय? सोयाबीन चार महिन्यांत रोकडा देतं. पैसा आला की ज्वारी इकत घिऊ! तुमचं म्हणणं त्या वेळी कुणाला चूक वाटलं नाही. उपटणीला माणसं तरी कुठे होती? निम्मं गाव दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जातं, उन्हाळ्यातच परततं. बघता बघता सगळ्या शिवारात सोयाबीन झालं. पाखरंसुद्धा कमी झाली. तुम्हालाच त्याचा आनंद झाला होता.

मग ते वर्ष आलं. आपण दोघी घाटनांदूरच्या बाजारात ज्वारी घ्यायला गेलो आणि भाव ऐकून तुम्ही दुकानदार आप्पांना म्हणालात, "सोनं इकायलाव का?" आप्पा कपाळावरचं भस्म पुसत शांतपणे म्हणाले, "आक्का, आधी तुमच्या गावाची ज्वारी माझ्या दुकानात यायची. आता सोलापूरकडून मागवतो. गाडीभाडं कोण देणार?" येताना एसटीत ती पिशवी तुम्ही मांडीवर घेतली होती, तान्हं पोर घ्यावं तशी, आणि सबंध वाटेत एक शब्द बोलला नाहीत. मी घाबरले. तुम्ही गप्प बसलात म्हणजे काहीतरी मोठंच मोडलंय. घरापाशी उतरल्यावर म्हणालात, "मंगल, आपुन खायचं पिकवायचं इसरलो गं."

पुढच्या हंगामात विहिरीजवळचा पट्टा तुम्ही ज्वारीला ठेवलात. पाखरं परत आली आणि तुम्ही त्यांना अशा शिव्या दिल्यात की शेजारच्या बांधावरची माणसं हसून लोळली. पण चार घरांनी तुमचं बघून एकेक पट्टा ठेवला. मग दहा घरांनी. आणि सुगी झाल्यावर तुम्ही दारोदार फिरून म्हणालात, घरटी एक-दोन पायल्या मारुतीच्या खोलीत टाका, मागं राहणाऱ्यांसाठी.

मागं राहणारे म्हणजे कोण, ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की गावात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. रेशनचं धान्य कार्डावर आहे, पण दुकानातलं मशीन अंगठा मागतं. सोजरमावशीच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. जन्मभर ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, झिजल्या रेषा. मशीन तिला ओळखत नाही. मुलाचा अंगठा चालतो, तर मुलगा कर्नाटकात कुठल्याशा उसाच्या फडात. म्हणजे गोदामात धान्य आहे, दुकानात धान्य आहे, कार्डावर नाव आहे, आणि मावशीच्या तव्यावर भाकरी नाही. मी हे प्रत्येक मीटिंगमध्ये ओरडून सांगत आले. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, बघतो. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही कोठी केलीत.

आणि कोठीचा तुमचा रिवाज! लिहायचं नाही, जामीन नाही, सव्वापट फेडीची सवाई नाही. ज्याला जमेल त्याने पुढच्या सुगीला परत टाकावं, नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. पारावरची पुरुषमंडळी म्हणाली, "फुकट खायची सवय लागंल." तुम्ही म्हणालात, "तुमाला फुकट बोलायची लागली, तिचं काय करावं?" बायका दिवेलागणीच्या सुमाराला पदराखाली डबा घेऊन यायच्या आणि दारात उभ्या राहून म्हणायच्या, "आक्का, ज्वारी वाढली." तुम्ही म्हणायचात, "वाढणारच, घर मोठं हाय." बस्स. कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही. डबा भरून जायचा आणि तुम्ही दोघी पाऊसपाण्याचं बोलत राहायचात. मी ओट्यावर बसून बघायचे. मला तेव्हा वाटायचं, ह्या बाईला शाळेत घातलं असतं तर हिने जिल्हा चालवला असता. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवलीत की वाटायचं, बरं झालं नाही घातलं.

पण कोठी म्हणजे काही धरण नाही, आक्का. हेच मी तुम्हाला सांगत होते. ह्या भादव्यात आभाळ फाटलं आणि सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, शेंगांतच मोड आले. खालच्या अंगाच्या वावरांतली मातीच वाहून गेली. रानात वाफसा होईना म्हणून ज्वारीची पेरणी लांबली, निम्म्यांची झालीच नाही. टोळ्या ह्या वर्षी लवकर गेल्या आणि ज्या बायका कधी जात नव्हत्या त्याही गेल्या. त्यात कुठल्या तरी लांबच्या देशांतली लढाई, आणि आपल्याकडे तेलाचा डबा महाग. तुम्ही टीव्हीसमोर हात ओवाळून विचारलं होतंत, "त्यांचं भांडान, आन् आमची फोडणी कावून बंद?" ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

मग ते वरून पाहणीला आलेलं पथक. मी त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला होते. पथकात एक मुलगी होती, पुण्याकडची, स्वभावाने गोड, हातात टॅब. ओट्या-ओट्यावर जाऊन तिने विचारलं, "मावशी, घरात धान्य किती आहे?" आणि आपल्या बायकांनी, लक्ष्मीच्या वेळेला दारात उभं राहून, परक्या माणसासमोर, पदर नीट करून सांगितलं, "वाढलंय, बाई." ज्वारी वाढलीय. तेल वाढलंय. गहू तर कधीच वाढलाय. ती बिचारी म्हणाली म्हणे, "अरे वा!"

आजूबाजूच्या गावांना मदतीचं धान्य आलं, आपल्याला आलं नाही. मी तालुक्याला जाऊन टेबलावर हात आपटला, तेव्हा कळलं. तुमच्याच गावातल्या बायकांनी धान्य वाढल्याचं सांगितलंय, म्हणाले. मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. घरी येऊन चप्पलसुद्धा काढली नाही, तशीच तुमच्या चुलीपुढे उभी राहिले. आठवतं ना? तुम्हाला आठवणारच. माझ्या मनातून तर ते जात नाही.

"आक्का, तुमच्या ह्या एका शब्दानं गाव उपाशी राहील."

"माज्या ह्याच शब्दानं गाव आजवर जेवलंय."

"तिथं वर बसलेल्यांना वाढलं कळत नाही. त्यांना संपलं म्हणावं लागतं. उद्या सगळ्या बायकांना एकत्र बसवा आणि सांगा, संपलं म्हणा."

"मग त्यान्लाच मराठी शिकिव की. मास्तरीण हायस ना तू?"

"हा काय चेष्टेचा विषय आहे?"

"चेष्टा न्हाई करत," तुम्ही म्हणालात, आणि तवा उतरवून ठेवलात. भाकरी अर्धी कच्ची होती. तुम्ही कधी अर्धी भाकरी उतरवत नव्हता. "बस खाली."

आणि तेव्हा सांगितलंत. इतक्या वर्षांत कधी न सांगितलेलं. मोठ्या दुष्काळात तुमची आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि तुम्ही तिच्या काखेत. दुपारी मजुरांना सरकारी सुकडी, ते गोडसर पीठ, वाटायचे. एके दिवशी तुमच्या आईची हजेरी राहिली होती, तर मुकादम म्हणाला, कशाला पायजे सुकडी, घरी असंल की. आई हळूच म्हणाली, संपलं. तो म्हणाला, मोठ्यानं म्हण, समद्यान्ला ऐकू जाऊ दे. तिने मोठ्यानं म्हटलं. लोक हसले. त्यातले निम्मे तिच्यासारखेच उपाशी होते, तरी हसले. "त्या दिवसापासून माज्या आईनं कुणाम्होरं घास खाल्ला न्हाई," तुम्ही म्हणालात. "मरस्तवर पाठ फिरवून जेवली. लेकीच्या लग्नात बी."

मला गलबलून आलं. पण मी हट्टी आहे, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंगणवाडीचा काटा होता. मी विचारलं, "आणि सुकडी? मिळाली का नाही?"

तुम्ही चुलीतलं लाकूड मागे ओढलंत. "मिळाली."

"मग?"

"मग काय. म्या जगले. तिला लाज खाऊन गेली."

मी बरोबर होते आणि तुम्हीही. दोन बरोबर माणसं एका चुलीपुढे बसली की कुणी आधी उठायचं हे ठरत नाही. शेवटी ती अर्धी भाकरी तव्यावरच गार झाली आणि आपण दोघी उठलो. त्यानंतर आपण बोललो ते मीठ-मिरचीपुरतं. मी मनात ठरवलं होतं, थोडं निवू दे, मग एकदा मोठं भांडण काढून सगळं मिटवू. आपली नेहमीची तऱ्हा तीच. तुम्ही तेवढा वेळ दिला नाहीत. एका सकाळी अंगणात सडा घालता घालता बसलात आणि उठलाच नाहीत. बादली कलंडून पाणी माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी आतून ओरडले, "आक्का, एवढं पाणी कशाला?" तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द हा असा आहे.

मी तालुक्याचा पिच्छा सोडला नव्हता. तुमचा दहावा झाला आणि तीच मुलगी परत आली, ह्या वेळी एका साहेबांना घेऊन. चावडीसमोर बायकांना बोलावलं. मी आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं होतं, की उद्या एक दिवस, फक्त एकदा, संपलं म्हणायचं. सगळ्यांनी मान डोलावली. आपल्याकडे मान डोलावण्याचा अर्थ काय होतो, तो मला माहीत हवा होता.

मुलीने सोजरमावशीला विचारलं. मावशीने पदर डोक्यावरून पुढे ओढला. पारावर पुरुष बसलेले, दोन-तीन मोटरसायकलवाले मुद्दाम थांबलेले. मावशी म्हणाली, "वाढलंय."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मावशी, काल आपलं ठरलं होतं ना?"

मावशी पुटपुटली काहीतरी. साहेब मनाने चांगले होते, आक्का. त्यांचा आवाजही मऊ होता. ते म्हणाले, "मावशी, जरा मोठ्यानं बोला. म्हणजे आम्हाला लिहिता येईल."

त्या माणसाला काय ठाऊक! त्याने तर कळकळीनंच म्हटलं होतं. मला वाटलं उठावं, मावशीच्या तोंडावर हात ठेवावा. आणि त्याच वेळी वाटत होतं, म्हण मावशी, एकदाची म्हण, तुझी नात हलकी होत चाललीय. मी जागची हलले नाही. मावशीने मान वर केली, कुणाकडेच बघितलं नाही, आणि म्हणाली, "संपलं."

मग सखू म्हणाली. मग कौसा. एकेक करून सगळ्या म्हणाल्या. ती पुण्याकडची मुलगी लिहिता लिहिता थांबली, ओढणीने डोळे पुसून पुन्हा लिहू लागली. पारावरून कुणी हसलं नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. साहेब म्हणाले, लगेच वर कळवतो. कळवलंही असेल. माणूस टाळाटाळ करणारा वाटला नाही. पण वरून येणारं धान्य अजून आलेलं नाही, आणि त्या दिवसापासून कोठीवरही कुणी आलं नाही.

पहिले दोन दिवस मी समजूत घातली, तुमचं दुःख आहे, म्हणून येत नसतील. मग पाणी भरताना मावशीला म्हटलं, "कोठीवर या की." ती म्हणाली, "येते की, बाय." आली नाही. सखूला म्हटलं, ती म्हणाली, "हाय थोडंसं." कौसाने तर मला बघून वाट बदलली. काल मी न राहवून पिशवीत ज्वारी घेऊन मावशीच्या घरी गेले. तिने पिशवीला हात लावला नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "कुणाचं हे? न्या बाई परत. आमच्या घरी हाय." न्या बाई, म्हणाली मला! जी मला अगं मंगे म्हणून हाक मारायची. मागे नात दाराआडून पिशवीकडे बघत होती. मी पिशवी उंबऱ्यावर ठेवली, तर ती मावशीने माझ्यामागे आणून मारुतीच्या पायरीवर ठेवली.

तुमचा मला भयंकर राग आला, आक्का. वाटलं, जाताना तो शब्दही घेऊन गेलात. मला नुसती किल्ली दिलीत. त्या बायका आता कोणत्या तोंडाने वाढलं म्हणणार? गावादेखत संपलं म्हणून झालंय. आणि संपलं म्हणत माझ्या दारात यायचं, तर मी कोण, तो मुकादम? किल्ली काढून कोनाड्यात फेकली. मग रडले. तुमच्या दहाव्यालाही एवढी रडले नव्हते. ह्यांनी येऊन विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तुमची वहिनी मरायला नको होती." ते म्हणाले, "ते तर हायच," आणि माझ्याजवळ खाली बसून राहिले.

चावडीवर म्हटलं ते गरजेचं होतं, हे मी आजही म्हणते. उद्याही तालुक्याला जाईन आणि टेबलावर हात आपटून संपलं म्हणेन, ओरडून म्हणेन, माझ्या तोंडून जाऊ दे. मला लाज वाटत नाही. पण मला पगार आहे, माझ्या घरात पोतं उभं आहे, आणि पोतं उभं असलं की संपलं म्हणायला काय लागतं? हे मला तुमच्यासमोर कबूल करायचं होतं, ते राहून गेलं.

आज दिवेलागणीला मी घरातला डबा रिकामा केला, पदराखाली धरला आणि सोजरमावशीच्या दारात जाऊन उभी राहिले. वाटेत ओट्या-ओट्यावर बायका होत्या. सगळ्यांनी बघितलं. दुसऱ्याच्या दारात डबा घेऊन मी जन्मात उभी राहिले नव्हते.

"मावशी," मी म्हटलं, "ज्वारी वाढली."

मावशीने माझ्या डब्याकडे बघितलं. तिला माझ्या घरातलं पोतं माहीत आहे. गावात कुणाच्या घरात काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं. ती रागावेल, दार लावेल, मला नाटकी म्हणेल, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. ती म्हणाली, "वाढणारच. घर मोठं हाय." आणि आत गेली. आत गाडग्याच्या बुडाला वाटी खरवडल्याचा आवाज झाला. मी बाहेर उभी. तो आवाज ऐकून मला ओरडावंसं वाटलं, की नको मावशी, मी खोटं बोलले. मी ओठ दाबून उभी राहिले. ती ओंजळ भरेल न भरेल एवढी ज्वारी घेऊन आली आणि माझ्या डब्यात ओतली. एक दाणा खाली पडला, तोसुद्धा वाकून उचलून डब्यात टाकला.

मग तिने पदर सारखा केला. "आता माजी बी वाढली, मंगे," म्हणाली. "चल, डबा घेते. दोघी जाऊ कोठीवर."

आम्ही सगळ्या गावातून चालत गेलो. परत येताना सखू डबा घेऊन निघालेली दिसली.

मावशीची ती ओंजळ मला परत देता येईना. दिली असती तर ती पुन्हा कधी आली नसती. मी ती घरी आणली, जात्यावर दळली, तिची एकच भाकरी झाली. ह्यांना दिली नाही, कुणालाच दिली नाही. आक्का, त्या घरातली शेवटची भाकरी मी बसून खाल्ली, सगळ्यांसमोर, पाठ न फिरवता.